घोडीच्या तोंडातलं लोखंड

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, वंदनावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे पुढे कोणी 'आम्हाला नक्की आठवत नाही' म्हणायला नको. तुळशीचं लग्न लागून गेल्यावर गावात जी पहिली लग्नतिथी आली त्या दिवशी, उन्हं कलायला लागल्यावर, नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळाकडे जात असताना, पिठाच्या गिरणीसमोर. अर्धं गाव तिथे होतं. पाहुणे होते, डीजेवाला होता, फटाके लावणारे होते. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, आणि तरी खरं काय झालं ते एकानंही सांगितलं नाही. मी लहान होते, घाबरलेली होते आणि माझ्या हातात मोबाईल नव्हता, पाण्याची बादली होती. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आमच्या गावाला कामरगावहून जीपनं जायचं. चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर, आणि दारात मैना. मैना म्हणजे घोडी. गावागावांतल्या लग्नांत नवरदेवाला मारुतीला नेऊन आणायचं काम तिचं, आणि लग्नसराईत घर तिच्यावर चालायचं. बाबांनी तिला खानदेशातल्या घोडेबाजारातून आणली तेव्हा मी माझ्या मायच्या कडेवर होते असं सांगतात. म्हणजे मी तिच्याबरोबरच मोठी झाले, पण तिची भीती मला कधी सुटली नाही. घरात दोनच खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मैना पडवीत, मध्ये कुडाची भिंत, भिंतीला लागून माझं अंथरूण. ती पाय बदलायची तर जमीन हलायची. नाकातून फुरफुर करायची तर माझ्या उशाशी केल्यासारखी. पहाटे माय चुलीवर भाकरी थापायला बसली की त्या थापांच्या तालावर पलीकडे मैना कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, चावायची, करकर, करकर. मला वाटायचं, एवढे मोठे दात आहेत तर ही कुडाची भिंत तिला कितीशी. भिजवलेले चणे घमेल्यात घेऊन जायची पाळी माझ्यावर आली की मी घमेलं लांबूनच पायानं सरकवायची, आणि ताई हसायची. "तुले खाईन म्हणते काय ते? तुह्यात हाये काय खायाले," असं म्हणून घमेलं उचलायची आणि थेट तिच्या तोंडाखाली नेऊन धरायची.

वंदनाताईला मी ताई म्हणते, तसंच लिहीन. ताईला मैनाची भीती नव्हती. बाबांचा गुडघा धरला, चालणं कमी झालं, तेव्हापासून वरातीत मैनाची दोरी ताईच्या हातात आली. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारायची, पायात बाबांचे बूट, आणि नवरदेवाच्या डाव्या अंगाला चालायची. मुलीनं वरातीची घोडी धरलेली आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. लोक बोलायचे. नवरदेवापेक्षा घोडीवालीकडेच जास्त पाहून राह्यले, असं कोणी म्हणायचं, आणि दुसरा कोणी म्हणायचा, हिच्या नवऱ्यालेही हे अशीच चालवीन. ताई उत्तर द्यायची नाही. पण घरी आल्यावर सगळ्यांचे आवाज काढून दाखवायची, आणि माय भाकरीचं पीठ भरलेल्या हातानं तोंड झाकून हसायची.

तोंडात लगाम घालायची ताईची एक रीत होती. आमचा लगाम साधा; मधोमध जोडलेल्या दोन गुळगुळीत सळया, दोन कड्या आणि चामड्याचे पट्टे. थंडीच्या दिवसांत ताई ते लोखंड आधी आपल्या दोन तळहातांत धरून गरम करायची. मग त्याच्यावर गुळाचा खडा घासायची. मैनाला वास आला की ती आपण होऊन तोंड उघडायची, आणि लोखंड आत जायचं, जसं एखाद्या लहान मुलाच्या तोंडात चमचा जातो. जबरदस्ती नाही, ओढाताण नाही. हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

त्या वर्षी ताई बारावीला होती. कॉलेजात इंग्रजीला एक मॅडम नवीन आल्या होत्या, कारंज्याहून बसनं येणाऱ्या, बस चुकली की चेहरा पडणाऱ्या आणि तरी तास न बुडवणाऱ्या. त्यांनी एकदा फळ्यावर एक शब्द लिहिला, बिट. घोड्याच्या तोंडात जातं त्या लोखंडाला इंग्रजीत बिट म्हणतात. आपण लगाम म्हटलं की चामडं, दोरी, लोखंड सगळं एकत्र धरतो. इंग्रजांनी तोंडातल्या तेवढ्या तुकड्याला वेगळं नाव ठेवलं आहे. आणि त्या तुकड्यावरून त्यांचं बोलणंही आहे. शर्यत सुटायच्या आधी घोडं उभ्या जागी बिट चावत राहतं, म्हणून एखादा माणूस कामाला फार अधीर झाला असेल तर तो बिट चावतो आहे असं म्हणतात. आणि घोड्यानं बिट दातांत घट्ट पकडलं की ओढणाऱ्याचं काही चालत नाही, लगाम कितीही खेचा, ते आपल्या वाटेनं जातं. म्हणून एखाद्यानं आपलं काम स्वतःच्या हातात घेतलं, आता तो कोणाच्या थांबवण्यानं थांबणार नाही, तर त्यानं बिट दातांत धरलं असं म्हणायचं.

वर्गात कोणाला काही कळलं नाही असं ताई सांगायची. मग मॅडमनी विचारलं, कोणाच्या घरी घोडं आहे का? सगळा वर्ग ताईकडे वळून हसला. दुसऱ्या दिवशी ताईनं आमचा लगाम कॉलेजात नेला, वर्गात हातोहात फिरवला, आणि घोड्याच्या पुढच्या दातांच्या मागे, दाढांच्या आधी रिकामी हिरडी असते, लोखंड तिथे बसतं, हे स्वतःच्या बोटांनी स्वतःच्या तोंडावर दाखवलं. मॅडम म्हणाल्या की तू गुराढोरांच्या दवाखान्याचं शिक्षण घे, अकोल्याला डिप्लोमा असतो. त्या एका वाक्यानं आमच्या घराची हवा बदलली. ताई चुलीपुढे बसली की अकोला, पडवीत गेली की अकोला. मग एक दिवस बाबा मैनाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता, कोणाकडे न बघता म्हणाले, "बारावी होऊ दे. पाठवतो." बाबा एवढंच बोलत, आणि बोललेलं फिरवत नसत. तोवर तरी फिरवलं नव्हतं.

त्याच दिवसांत ताईनं तो शब्द मला समजावला. पडवीत बसवलं आणि म्हणाली तोंड उघड. मी उघडलं. तिनं धुतलेला लगाम माझ्या दातांमध्ये आडवा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढला. लोखंड थंड होतं. गुळाची चव, गंजाची चव, आणि मैनाच्या लाळेचा वास, धुऊनही न गेलेला. ओठांची टोकं मागे गेली आणि मला एकदम श्वास येईना. ताई म्हणाली, "आता दातानं धर." मी चावून धरलं. तिनं ओढलं, पण आता ओढ माझ्या ओठांना लागली नाही, दातांवर थांबली. "पाह्य," ती म्हणाली, "धरलं की दुखत नाही." मला रडू आलं होतं, पण तिचं ते वाक्य मी अजून विसरले नाही. आज बाजारच्या दिवशी मी पत्रकं वाटत उभी असते आणि कोणीतरी हातातला कागद चुरगाळून माझ्याच पायाशी टाकतो, तेव्हा मी नकळत दात आवळते.

आता ते लग्न. गावातल्या मोठ्या घरचं होतं. घराचं नाव मी लिहीत नाही, कारण एका घराचं नाव लिहिलं की बाकीची घरं स्वतःला निर्दोष समजतात. नवरदेवाचे काका सगळा कारभार पाहत होते. त्यांच्या विहिरीवरून आमच्या तुरीला एखादं पाणी मिळायचं, त्यांच्या ट्रॅक्टरनं आमची पेरणी व्हायची. बाबा त्यांच्यासमोर बसत नसत, उभे राहत. त्या दुपारी मैनाच्या अंगावर झूल चढली होती, पायांत घुंगरांचे पट्टे होते, कपाळावर आरशाची टिकली. ताई गूळ घासत होती. तेवढ्यात काका आमच्या अंगणात आले आणि बाबांना मोबाईलवर काहीतरी दाखवलं. कुठल्याशा लग्नातली घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहून डीजेवर नाचत होती. अशी नाचली पाहिजे, ते म्हणाले. बाबा म्हणाले की मैनाले सवय नाही. काकांनी पिशवीतून एक लगाम काढला.

मी तो पहिल्यांदा पाहिला. लांबून आमच्या लगामासारखाच. जवळून पाहिलं तर मधल्या सळईला टोकदार दाते, आणि दोन्ही गालांशी येतात त्या चकत्यांना आतल्या अंगानं खिळे, बाभळीच्या काट्याएवढे. माझ्या तोंडात थंडगार लोखंडाची चव आली. मी बादली खाली ठेवली आणि ओठ मिटून घेतले.

"हा लावा आज," काका म्हणाले. "मंग पाहा."

"काका, याले काटे हायेत," ताई म्हणाली.

"मंग? काटे हायेत म्हणून तं ऐकते."

"ऐकत नाही काका. भेते."

काका हसले. रागावले नाहीत, खरंच हसले, घरातल्या पोरीशी हसावं तसे. "एकच झालं न पोरी," म्हणाले.

हे वाक्य मी पुढे किती ठिकाणी ऐकलं आहे. शाळेत, पंचायतीत, चौकीत. हसूनच म्हणतात.

ताईनं लगाम हातात घेतला नाही. बाबा म्हणाले, "लाव वं." ती म्हणाली, "तुमी लावा. माह्या हातानं नाही होत." बाबांनी तो लगाम घेतला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मैना मान वळवेल, दात दाखवेल, असं मला वाटलं. मी तिला भीत होते, तरी मनात म्हणत होते, चाव, आज चाव. पण बाबांच्या बोटांना गुळाचा वास होता. मैनानं आपण होऊन तोंड उघडलं.

माझ्या आयुष्यात मी ज्या भयंकर गोष्टी पाहिल्या त्यात ही पहिली. रक्त नाही, आरडाओरडा नाही. फक्त एका जनावरानं गुळाच्या भरवशावर तोंड उघडलं आणि आत काटे गेले.

वरात शाळेपासून निघाली. आमच्याकडे याला परण्या म्हणतात, लग्नाआधी नवरदेवानं मारुतीला जायचं आणि परत मांडवात यायचं. नवरदेव भला मुलगा होता, मुंडावळ्यांच्या आडून घाबरूनच बसला होता, खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून. डाव्या बाजूची दोरी ताईच्या हातात, उजवीकडची खुद्द काकांच्या. मी ताईच्या मागे बादली घेऊन. डीजेचा दणका असा की बादलीतल्या पाण्यावर गोल गोल वळ्या उठत होत्या आणि माझ्या छातीत कोणी दार ठोठावतंय असं होत होतं. ताईनं आपली दोरी सैल ठेवली होती. काका थोड्या थोड्या वेळानं हिसका द्यायचे. हिसका बसला की मैना पुढचे पाय उचलायची, लोक शिट्ट्या मारायचे, घुंगरं वाजायची. लोकांना ते नाचणं वाटत होतं. मी मागून पाहत होते. तिची शेपटी पायांत गेली होती आणि पोट थरथर उडत होतं.

तिच्या तोंडाला फेस आला. आधी पांढरा. मग माझ्या बादलीच्या काठावर एक थेंब पडला, तो गुलाबी होता. मी ताईची ओढणी ओढली. तिनं पाहिलं, काकांकडे वळून काहीतरी म्हणाली, आवाजात ऐकू आलं नाही. काका ओरडून म्हणाले, "ओढ न वं, भाकर नाही खाल्ली काय?" भोवतालचे हसले.

गिरणीपाशी रस्ता अरुंद आहे. तिथे डीजेची गाडी अडली, मागून गर्दी रेटत आली, आणि कोणीतरी फटाक्यांची माळ अगदी पायांशी लावली. मैना दचकली. काकांनी पूर्ण जोर लावून दोरी खेचली.

मैना सरळ उभी राहिली. एवढी उंच मी तिला कधी पाहिली नव्हती. नवरदेव मागे घसरला, हवेत हात मारले आणि गिरणीच्या पायरीवर पडला, हात अंगाखाली. बायका किंचाळल्या. मैना खाली आली आणि मागे मागे जायला लागली, आणि मागे बायका होत्या, त्यांच्या कडेवर पोरं होती, आणि मी होते. तिचं मागचं अंग माझ्याकडे येत होतं आणि माझे पाय जमिनीतून निघत नव्हते. सगळा जमाव एकच ओरडत होता, लगाम खेचा, लगाम खेचा. आमच्या लोकांना एवढंच ठाऊक, घोडं थांबत नसेल तर आणखी खेचायचं. काका खेचत होते. ते जितकं खेचत तितके काटे आत जात, आणि ती त्या दुखण्यापासून पळायला बघत होती. पुढे जागा नव्हती म्हणून मागे. हे एवढं सरळ होतं आणि तिथे ते एकट्या ताईलाच दिसत होतं.

ताई मैनाच्या गळ्याखाली शिरली. काकांना ओरडली, "सोडा. दोरी सोडा." त्यांनी सोडली नाही. मग तिनं हात वर नेले, कानामागचा पट्टा ओढून बक्कल काढलं, आणि सगळा लगाम मैनाच्या डोक्यावरून पुढे सारला. मैनानं तोंड उघडलं. लोखंड बाहेर पडलं. ताईनं ओढणी सोडून तिच्या मानेभोवती टाकली, तिच्या नाकाला आपलं कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली.

मैना थांबली. जागच्या जागी, माझ्यापासून हातभर अंतरावर, चारी पायांनी कापत. डीजे कोणीतरी बंद केला होता. गिरणीचा पट्टा तेवढा चालू होता, फट फट फट. त्या शांततेत एक माणूस म्हणाला, "पोट्टीनं लगाम काढला."

आणि तेच झालं मग. लोकांनी मोबाईल काढले होते, पण नाच पाहताना जो तो नवरदेवाकडे धरून होता, आणि धक्काबुक्कीत चित्रं आभाळाची आणि पायांची आली. नीट आलेली क्लिप एकच. ती सुरू होते तेव्हा नवरदेव पायरीवर पडलेला आहे, आणि एक पोरगी घोडीच्या तोंडातून लगाम काढते आहे, मग अंगावरची ओढणी सोडते आहे. आधीचं काही नाही. कोणी हिसका दिला, कोणी काटे आणले, काही नाही. त्या क्लिपवर कोणीतरी लिहिलं, 'बेलगाम पोरगी'. खाली लिहिलं, लगाम नसला की असं होतं. जेवणाच्या पंगती उठायच्या आत ती कामरगावला पोचली होती. गावात गोष्ट अशी ठरली की पोरीनं लगाम काढला म्हणून घोडी उधळली आणि नवरदेव पडला. ज्यांनी डोळ्यांनी उलटं पाहिलं होतं तेही मोबाईलमध्ये पाहिलेलं सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि चार माणसं आमच्या अंगणात आली. नवरदेवाचा हात मोडला होता, लग्न तशाच हातानं लागलं होतं. मी पडवीत, मैनाच्या आडोशाला जाऊन लपले. पहिल्यांदा मी तिच्या एवढ्या जवळ गेले. माणसांपेक्षा तिची भीती कमी वाटली. तिच्या जिभेला हळद आणि तूप लावलं होतं आणि ती कुटाराला तोंड लावत नव्हती. पडवीच्या पत्र्याच्या फटीतून मला बाबांचा चेहरा दिसत होता. मला बाकी काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की आता बाबा काय बोलतील त्यावर ताईचं अकोला आहे.

काका आरडाओरडा करत नव्हते. समजावत होते. पोरीच्या जातीच्या हातात असली कामं द्यायची नसतात, तुमचा गुडघा दुखत होता तर सांगायचं, आम्ही माणूस दिला असता, असं. मग म्हणाले, "आता तिचं ते अकोला-बिकोला राहू द्या. घोडीलेही लगाम घाला अन् पोरीलेही."

बाबा उभे होते. मी मैनाची आयाळ मुठीत धरली होती हे मला नंतर समजलं.

तेव्हा माय घरातून चहा घेऊन आली. ताटलीत कप होते, आणि कपांच्या मधोमध तो काटेरी लगाम. धुतलेला नव्हता. ताईनं तो आदल्या दिवशी ओढणीत गुंडाळून आणला होता. दात्यांवर रक्त वाळून काळं झालं होतं आणि केसांचा एक पुंजका चिकटला होता. मायनं ताटली काकांसमोर धरली. पदर डोक्यावर होता, नजर खाली होती.

"चहा घ्या," माय म्हणाली. "अन् हे तुमचं राह्यलं होतं."

कोणी हात पुढे करेना. एक माणूस खाकरला. माझी आशा अशी उसळली की मला वाटलं आता झालं, आता दिसलं यांना, आता कोणीतरी खरं बोलेल. काकांनी लगाम उचलला. अंगठ्यानं दात्यावरचं थोडं खरवडलं, गुंडाळून काखेत मारला. मग कप उचलला आणि चहा प्यायले. बाकीच्यांनीही घेतला. चहा चांगला झालाय, असंही एक जण म्हणाला. बाहेर पडताना काका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुरीच्या पाण्याची काळजी करू नका.

ते गेल्यावर बाबा पडवीत आले. मैनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ताई दारात उभी होती. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "यंदा राहू दे अकोला."

ते यंदा अजून संपलेलं नाही.

मैना पुन्हा वरातीला गेली नाही. जखमा भरल्या, पण गूळ दाखवला तरी ती तोंड उघडेना. मान आभाळाकडे करून दात आवळून उभी राहायची. बाबांनी तिला मानोऱ्याकडच्या एकाला देऊन टाकली. ताईचं लग्न जऊळक्याजवळच्या गावात झालं. नवरा वाईट नाही. शेळ्या आहेत, ताईच्या हातच्या शेळ्या मरत नाहीत असं गाव म्हणतं. पण ती आवाज काढून दाखवत नाही आता. दर लग्नसराईत ती क्लिप पुन्हा निघते, नव्या गाण्यासकट, आणि फिरत फिरत तिच्या नवऱ्याच्याच मोबाईलवर येते. एका लग्नात पंगतीत वाढणाऱ्या बाईनं तिला ओळखलं. तेच न तुमी, बेलगाम? ताई हसली म्हणे. मला हे सांगतानाही हसली. मला त्या हसण्याची भीती वाटते, मैनाची कधी वाटली नाही एवढी.

आणि आता मी रोज पेपरात वाचते, महागाईला लगाम, गुन्हेगारीला लगाम, तरुणांना लगाम. लिहिणाऱ्यांना वाटतं लगाम म्हणजे हातात धरायची दोरी. ते दोरीच्या या टोकाला आहेत. मी ते दुसऱ्या टोकाला तोंडात धरून पाहिलं आहे. ताईनं मला इंग्रजी शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, दातानं धरलं की दुखत नाही. नंतर तिनंच विचार करून सांगितलं की काटे त्याच्यासाठीच लावले आहेत, कोणी दातानं धरू नये म्हणून. असल्या लगामाला कायद्यानं बंदी आहे. मी त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटते त्याच बाजारात तो मिळतो. मी दोन पाहिले, गेल्याच आठवड्यात, घुंगरांच्या पट्ट्यांशेजारी टांगलेले.

हे लिहू का, असं ताईला विचारलं. तिनं शेळीच्या पिल्लाला बाटली पाजता पाजता सांगितलं, "लिही. माहं नाव लिहिजो. मैनाचंही लिहिजो." म्हणून लिहिलं.

आता तुमचं काम. ती क्लिप तुमच्या मोबाईलमध्ये आहे; आमच्या जिल्ह्यात कोणाकडे नाही? उघडा. पोरीकडे पाहू नका, तिच्या ओढणीकडे पाहू नका. जिथे लोखंड बाहेर येतं तिथे थांबवा, बोटांनी मोठं करा, आणि घोडीच्या तोंडाकडे पाहा. लाल दिसेल. मग ज्यानं तुम्हाला ती पाठवली त्याला फोन करून सांगा काय दिसलं ते. आणि तुमच्या घरच्या लग्नात नवरदेव घोडीवर चढायच्या आधी पुढे व्हा, तिचा ओठ वर करा. काटे असतील तर नवरदेवाला चालत न्या. मारुती फार लांब नसतो.